काट्यापासून किती जपावं?

सुरगाणा तालुक्यातल्या हातगडावर तंबूऐवजी बिव्ही बॅगेत, म्हणजे एकट्यापुरत्या जलरोधक पिशवीत, रात्र काढायची, तर सगळी भिस्त हवेच्या गादीवर. करवंदीचा एक काटा शिरला की पहाटेपर्यंत पाठ खडकाला टेकते आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून जाणकार आधी तळहाताने जागा चाचपतात, खडे-काटे वेचतात, जाड प्लास्टिक अंथरतात आणि गादी बॅगेच्या आत सरकवतात.

एका वस्तूची एवढी जपणूक ही आसक्तीच का?

दिगंबर जैन मुनी गादी घेतच नाहीत. त्यांना जमीन, शिळा, फळी किंवा गवत पुरतं. हे उत्तर थोर आहे, पण फार थोड्यांना झेपणारं. बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्खूंच्या नियमसंहितेने, वेगळी वाट काढली. भिक्खूला ‘निसीदन’ हे आसनवस्त्र मिळालं ते शरीर, चीवर आणि निवासस्थान राखण्यासाठी, आणि त्याच्या मापालाही नियम घातला गेला. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदात या दात्याने २००० कार्षापण नाण्यांची ठेव कोरून ठेवली आहे: तिच्या व्याजातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण, वस्त्रांसाठी. विरक्तांनाही कापड लागतंच.

बुद्धाचा शिष्य आनंद याने उदयन राजाला सांगितलेला हिशेब तर फारच सुंदर आहे. चीवर विरलं की त्याचं अंथरूण, मग गादीची खोळ, मग पायपुसणं. शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवायची. हे जपणं मालकीचं नाही, कुणीतरी दिलेल्या वस्तूचा मान राखण्याचं आहे. साबणाच्या पाण्याने भोक शोधून, ठिगळ लावून तीच गादी पुढच्या हिवाळ्यात गडावर नेणारा भटक्या याच रीतीने वागतो.