टॉवरची वीज, गावाची वीज

विजयदुर्ग, कोलकाता

चि. बाळ,



वरचा पत्ता वाचून आजीला वाटेल, मामा रजेवर देवगडला आला. तसं नाही. इथल्या फोर्ट विल्यमचंच नाव आता विजयदुर्ग झालंय आणि सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट. खाडीवरचा विजयदुर्ग सोडून सत्तावीस वर्षं लष्कराच्या सिग्नलमध्ये काढली आणि नोकरीच्या शेवटी पोचलो पुन्हा विजयदुर्गातच! याच शहराने १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या धास्तीने खंदक खणायला घेतला होता. धास्ती ओसरली, खंदक अर्धाच राहिला. सरकारी कामाचं बाळकडू फार जुनं आहे म्हणायचं.

फोनवर तू मोठ्या उत्साहाने म्हणालीस, ‘मामा, टॉवर हाच आमचा अँकर.’ बिहारातल्या खेड्यात सौर मिनिग्रीड उभारायचं, मोबाइल टॉवरला चोवीस तास वीज विकायची, आणि त्या खात्रीच्या पैशावर गिरणी, दुकानं, घरं जोडायची. धंदा म्हणून पटतं. डिझेलच्या एका लिटरमधून जनरेटर जेमतेम तीन युनिट देतो. म्हणजे नुसत्या इंधनाचेच युनिटमागे तीसेक रुपये, शिवाय वाटेत चोरीला जातं ते वेगळं. दूरसंचार खात्याने २०१२ सालीच सांगितलं होतं, की २०१५पर्यंत निम्मे ग्रामीण टॉवर तरी अपारंपरिक ऊर्जा आणि ग्रीड अशा संकरित विजेवर आणा. पण आपण खाडीकाठची माणसं. नांगर टाकायच्या आधी तळ बघावा.

म्हणून आधी टॉवरचं पोट मोज. समज, तो दोन किलोवॉट खातो. दिवसाचे अठ्ठेचाळीस युनिट झाले. एक किलोवॉटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. बारा किलोवॉट त्याच्यासाठीच गेले, गळती धरलीस तर चौदा-पंधरा. ऊन नसलेल्या चौदा तासांसाठी अठ्ठावीस युनिट बॅटरीत हवेत, आणि शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे बॅटऱ्यांची बँक छप्पन्न युनिटांची. हे सगळं सरासरीचं. तुझे साहेब मे महिन्याचे आकडे दाखवतील, तू ऑगस्टचे माग. सलग चार दिवस ढग राहिले की पॅनेल निम्मंही देत नाही.

माझा खरा मुद्दा त्या चार दिवसांचा आहे. वीज कमी पडली की आधी कोणाची तोडायची? टॉवर बंद पडला तर तुमच्या कंपनीला दंड, तो करारात लिहिलेला असतो. घर अंधारात गेलं तर कसला दंड? कुठेच काही लिहिलेलं नसतं. म्हणजे कोणी मुद्दाम न ठरवताही गावाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तू ते आधी ठरवून घे. संध्याकाळी सहा ते दहा घरांची वीज तुटणार नाही, त्या वेळी लागलाच तर टॉवरचा जनरेटर चालेल, असं कागदावर आण आणि गावाच्या बोलीत फलकावर लाव. साहेब कुरकुरतील. कुरकुरू देत.

दुसरं, बॅटरीपाशी गावचाच माणूस ठेव आणि त्याला नीट पगार दे. उमेदवारीत एका डोंगरी ठाण्यावर डिस्टिल्ड वॉटर संपलं, तेव्हा मी शहाणपणाने ओढ्याचं पाणी ओतलं होतं. काही महिन्यांत बँक मेली आणि रेडिओ मुका झाला. मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. हल्लीच्या लिथियमला पाणी लागत नाही, पण पॅनेलवरची धूळ पुसायला, ढिला जोड आवळायला माणूस लागतोच. ओशॉनेसीने १८३९ साली इथेच कलकत्त्यात तारेचा प्रयोग केला, तेव्हाही संदेश जायचा तो बॅटरीच्या जिवावरच. आपल्या खात्यात एवढं काही बदललेलं नाही.

सवड काढून माझ्याकडे ये, सागर बेटावर जाऊन येऊ. तिथे कमलपूरला १९९६ साली सौर वीजकेंद्र झालं, पंचवीसेक किलोवॉटचं. संध्याकाळचे काही तास वीज मिळायची, पण मुलं दिव्याखाली अभ्यास करू लागली, दुकानं उशिरापर्यंत उघडी राहू लागली. सुंदरबनात तेव्हा ते अप्रूपच होतं. पुढे नदीवरून उंच मनोरे टाकून ग्रीडची वीज आली आणि छोट्या केंद्रांचे दिवस फिरले. तुमच्या गावीही खांब पोचले असतील, नसतील तर पोचतील. तेव्हा तारा, मीटर, अर्थिंग आजच वीज कंपनीच्या मापाचं कर, म्हणजे उद्या दोन्ही जोडता येतील. ग्रीड आली तरी ती संध्याकाळीच दगा देते, आणि गिरणीवाला मग तुमच्याकडेच वळतो. टॉवरवाल्यालाही खात्रीच हवी असते. मात्र तोच उद्या करार मोडून निघून गेला, तर उरलेल्या गावावर केंद्र किती महिने तगेल, हा हिशोब आत्ताच करून ठेव. आकडा वाईट आला तरी लपवू नकोस.

पूजेच्या आधी तिकीट काढ, हावड्याला मी येतो उतरवून घ्यायला. आणि पहिल्या महिन्याचं रीडिंग मला कळव, टॉवरचं वेगळं, गावाचं वेगळं. एकत्र बेरीज पाठवलीस तर परत पाठवीन.

तुझा,
मामा