आपद्धर्माची मुदत

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या रांगा वैनगंगेकाठच्या भातखाचरांकडे उतरत उतरत जेथे विसावतात, तेथे झाडीने वेढलेल्या एका डोंगरावर आंबागडाचा किल्ला उभा आहे. सुमारे १७०० साली, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या अमलात, राजाखान पठाण नावाच्या सरदाराने तो बांधला असे परंपरा सांगते. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि ज्या तटांनी शत्रूला बाहेर रोखावयाचे त्यांनी माणसांना आत कोंडण्याचे काम पत्करले. गडाचा तुरुंग झाला. इंग्रजी अमदानीतील जुनी नोंद अशी की, गडावरील विहिरीचे साचून विषारी झालेले पाणी पिण्यास भाग पाडून तेथे कैद्यांचा अंत केला जात असे. याच डोंगररांगेत, फार दूर नव्हे, गायमुख नावाचे महादेवाचे स्थान आहे. तेथे झऱ्याचे पाणी वाहते, आणि महाशिवरात्रीला यात्रा भरते. गडावरची विहीर ज्याने खोदविली, त्याच्या मनात वेढ्याच्या दिवसांत तहानेने व्याकूळ होणारी शिबंदीच असली पाहिजे. प्राण वाचविण्यासाठी केलेली तरतूद प्राण घेण्याच्या कामी कशी लागली, हा प्रश्न मला या गडाच्या वाटेवर नेहमी गाठतो, आणि तो केवळ इतिहासाचा प्रश्न नव्हे अशी माझी धारणा आहे. संकटकाळी जे करणे धर्म क्षम्य मानतो, त्याची मुदत कोणती, आणि ती संपली हे कोणी ठरवावयाचे?

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी या विषयाला स्वतंत्र जागा दिली आहे. आधी राजधर्म, मग आपद्धर्म, मग मोक्षधर्म, असा तो क्रम आहे. आणि आपद्धर्म मध्ये आहे, अखेरीस नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यात पलित नावाच्या उंदराची कथा येते. लोमश नावाचे मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडलेले असते. उंदीर बिळाबाहेर येतो तो खाली मुंगूस टपलेला आणि वर घुबड बसलेले. तेव्हा तो आपल्या जन्मवैऱ्याशी तह करतो, मांजराच्या कुशीत शिरतो, मुंगूस आणि घुबड निराश होऊन निघून जातात, आणि उंदीर जाळ्याचे पाश कुरतडू लागतो, परंतु सावकाश, शेवटचा तंतू पारधी दृष्टीस पडेपर्यंत राखून. संकट टळल्यावर मांजर मोठ्या गोडीने त्याला मैत्रीचे आमंत्रण देते, आणि उंदीर ते नाकारतो. कारणाने जुळलेले सख्य कारणासरशी संपले, असे त्याचे म्हणणे. परराष्ट्रनीतीच्या अभ्यासकांना या कथेतील तह आवडतो. मला तो नकार अधिक मोलाचा वाटतो, कारण तह भयातून सुचला होता आणि नकार विवेकातून.

आता आंबागड ज्या राज्याचा, त्या देवगडची कैफियत पाहावी. बख्त बुलंद हा घरच्या भाऊबंदकीत गादीला पारखा होण्याच्या बेतात असता दिल्लीपतीच्या आश्रयास गेला, औरंगजेबाच्या दरबारी त्याने इस्लामचा स्वीकार केला, आणि त्या बळावर राज्य मिळविले. त्याच्या अंतःकरणात त्या वेळी काय घडले हे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. राजकारणात त्याचा अर्थ काय झाला एवढेच इतिहास सांगू शकतो. बादशहा दक्षिणेत मराठ्यांशी गुंतून पडताच बख्त बुलंदाने मोगली मुलखात धामधूम मांडली, नागपूर वसविले, निरनिराळ्या जातींच्या कष्टाळू लोकांना आणून वैनगंगेच्या खोऱ्यात जमीन लागवडीस आणली. येथवर तो पलित उंदरासारखाच शहाणा दिसतो. परंतु त्याच्या वंशजांना तो शेवटचा तंतू राखणे जमले नाही. बख्त बुलंदानंतर गादीवर आलेल्या चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर त्याच घराण्यातील वली शाहाने गादी बळकावली, तेव्हा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना साहाय्यास पाचारण केले. रघूजी आले, त्यांनी वली शाहाचा बंदोबस्त केला, राणीच्या मुलांना गादीवर बसविले, आणि मोबदला घेऊन ते परत गेले. काही वर्षांतच त्या दोन मुलांत कलह माजला, पुन्हा बोलावणे गेले, रघूजी पुन्हा आले. आणि १७४३ नंतर ते परतले नाहीत. गोंड राजा नागपुरात राजा या नावाने राहिला, कारभार भोसल्यांचा झाला. रघूजींच्या कर्तृत्वाविषयी मला आदर आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. पुढे १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी घरातील स्पर्धकांच्या धास्तीने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, दुसऱ्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आणि १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले तेव्हा ते राज्य खालसा करण्यास डलहौसीला एक लेखणी पुरेशी झाली. प्रत्येक वेळी रक्षणास आलेला रक्षणाच्या निमित्ताने राहिला. संकट एका ऋतूचे असते आणि त्याच्यावरचा उपाय तीन पिढ्यांचा ठरतो.

गडाखालच्या जमिनीतही हीच कथा निराळ्या रूपाने पुरलेली आहे. चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी ही तुमसर तालुक्यातील गावे मँगनीजसाठी प्रसिद्ध आहेत. वितळलेल्या पोलादातील प्राणवायू आणि गंधक यांचा दोष काढून त्याला चिवटपणा देणारे हे द्रव्य. त्यावाचून तोफ नाही, रूळ नाही, जहाजाचा पत्रा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जगाचे मँगनीज मुख्यतः जॉर्जियातील चियातुरा येथून, काळ्या समुद्राच्या वाटेने येत असे. १९०४-०५ मध्ये रशिया आणि जपान यांचे युद्ध झाले, पाठोपाठ रशियात क्रांतीचा उद्रेक झाला, चियातुराचा माल अडकला, भाव भडकले. आणि ज्या मजुराने चियातुराचे नावही ऐकले नव्हते त्याच्या कुदळीला नागपूर, भंडारा, बालाघाटच्या रानात एकाएकी उठाव आला. थोड्याच वर्षांत हिंदुस्थान या खनिजाच्या उत्पादनात जगात अग्रभागी गेला, आणि तुमसरहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा याच मालाच्या वाहतुकीवर जगला. १९१४ मध्ये तुर्कांनी दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली तेव्हा पुन्हा तेच झाले. १९४९ मध्ये सोव्हिएट रशियाने अमेरिकेला जाणारे मँगनीज रोखले, तेव्हा वॉशिंग्टनची दृष्टी याच रानाकडे वळली.

आणि येथे एक प्रसंग असा घडला की, त्याचे धर्मदृष्ट्या चिंतन आपल्याकडे व्हावे तितके झाले नाही. १९५१ साली देशात अन्नाचा दुष्काळ होता; भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितले होते. कोरियात युद्ध पेटलेले, भारताची तटस्थता अमेरिकी लोकप्रतिनिधींना रुचत नव्हती, आणि गव्हाच्या मोबदल्यात भारताने मँगनीज, मोनाझाइट यांसारखी युद्धोपयोगी द्रव्ये द्यावीत असा आग्रह त्यांच्या सभागृहात धरला गेला. मानहानीकारक अटींवर धान्य नको, अशी नेहरूंची भूमिका होती. महिनोगणती घोळ चालला, आणि अखेर जूनमध्ये १९ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर झाले. भुकेल्याने दात्याची अट मान्य करावी काय, हा तो प्रश्न. शांतिपर्वात त्याचे उत्तर विश्वामित्राच्या कथेत आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने मरणोन्मुख झालेला ऋषी चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याचे मांस चोरतो. चांडाळ त्याला धर्म सांगून अडवितो. ऋषी म्हणतो, आधी जगणे, मग धर्माचरण. परंतु कथा तेथे थांबत नाही. तो ते मांस एकदम तोंडात टाकीत नाही; विधिपूर्वक देवपितरांचे भाग काढतो, तोच पाऊस पडतो, आणि पुढे तो तपश्चर्येने ते पाप जाळतो. आपद्धर्माचे तीन अवयव या कथेत स्पष्ट आहेत: खरी आपत्ती, कृत्याला पाप म्हणण्याचा प्रामाणिकपणा, आणि नंतरचे प्रायश्चित्त. राष्ट्रे पहिला अवयव घेतात, उरलेले दोन सोडून देतात. दुसऱ्याच्या भुकेवर अट घालणारे राष्ट्र त्याला पाप म्हणत नाही, धोरण म्हणते, आणि पाऊस पडल्यावरही ते धोरण दप्तरातून निघत नाही.

येथे कोणी म्हणेल की, राज्य हे ऋषी नव्हे. त्याच्या शिरावर कोटी जीवांचे रक्षण आहे, आणि रक्षणात चूक झाली तर तपश्चर्येला अवसर राहत नाही. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. १९६२ च्या २० ऑक्टोबरला चिनी फौजा हिमालय उतरल्या तेव्हा बेसावधपणाचे मोल जवानांनी प्राणांनी चुकविले, आणि त्याच दशकात भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला ही गोष्ट योग्यच झाली. परंतु त्याच युद्धाने दुसरीही एक गोष्ट उभी केली. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. आणि आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ रोजी. मध्ये १९६५ चे युद्ध झाले हे खरे, तरीही एका महिन्याच्या रणाला पाच वर्षांहून अधिक काळाची छाया पडली, आणि त्या काळात न्यायालयाचे दार ठोठावण्याचा नागरिकाचा हक्क निलंबित राहिला. ३ डिसेंबर १९७१ ची आणीबाणी तर बांगलादेश स्वतंत्र झाल्यावरही चालू राहिली. तिच्यावरच १९७५ ची दुसरी आणीबाणी चढली, आणि दोन्ही १९७७ च्या मार्चात उठल्या. सीमेवरील भयासाठी बांधलेला गड आतल्या माणसांसाठी वापरला गेला. याची पूर्वसूचना संविधान सभेत मिळाली होती. मध्यप्रांतातून निवडून गेलेले ह. वि. कामत यांनी या तरतुदींना कळकळीने विरोध केला होता, आणि तो व्यर्थ गेला होता. मूळ तरतुदीत संसदेने एकदा मान्यता दिली की आणीबाणी कितीही काळ चालू शकत असे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तिला सहा महिन्यांची मुदत घातली, प्रत्येक वेळी संसदेने नव्याने मान्यता द्यावी असे ठरविले, आणि ‘अंतर्गत अशांतता’ या सैल शब्दांच्या जागी ‘सशस्त्र बंड’ असे घट्ट शब्द बसविले. कायद्याच्या रुक्ष भाषेतील हे कलम मला धर्मशास्त्राचे वचन वाटते. भीष्मांनी कथांतून जे सुचविले होते, ते येथे दिवस मोजून लिहिले गेले.

ऊर्जेच्या बाबतीत आपण अशी मुदत अद्याप घालू शकलेलो नाही. १९९० च्या २ ऑगस्टला इराकने कुवेत गिळले, आणि समुद्रापलीकडच्या त्या घटनेने आपल्या देशाचा खजिना रिता केला. तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला, पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे विमानांनी परत आणावी लागली, युद्धाला निघालेल्या अमेरिकी विमानांना आपल्या विमानतळांवर इंधन देण्यावरून दिल्लीचे राजकारण ढवळून निघाले, आणि १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण पडले. त्यानंतरही आपल्या चुली आणि गाड्या होर्मुझच्या चिंचोळ्या पाण्यावर टांगलेल्या राहिल्या. आता जग तेलाकडून विजेच्या साठवणीकडे वळत आहे, आणि त्या साठवणीच्या घटांतही मँगनीज लागते. डोंगरी बुजुर्गचे खनिज तर फार पूर्वीपासून टॉर्चच्या कोरड्या सेलांत जात आले आहे. उद्या दूरच्या एखाद्या देशात रण माजले की आंबागडाखालची माती पुन्हा कोणाला तरी आठवेल.

अशा वेळी मला कौटिल्याचा एक वाद स्मरतो. जनपद आणि दुर्ग यांपैकी कोणावरचे संकट अधिक गंभीर, असा प्रश्न अर्थशास्त्रात येतो. पराशराच्या अनुयायांचे मत दुर्गाच्या बाजूचे; कौटिल्य त्यांना खोडून काढतो आणि सांगतो की दुर्ग, कोश, सेना, सारे जनपदावर उभे असतात. ज्या पुरुषाला आपण निष्ठुर राजनीतीचा आचार्य म्हणतो त्याने दिलेला हा निर्णय आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. ती माणसे जनपदच होती. देशाच्या दुर्गाची भिंत त्यांच्या खांद्यावर होती. सुरक्षेचा हिशेब मांडताना त्यांना कोणत्या रकान्यात लिहावे, हे ज्या राज्याला सुचत नाही त्याने कौटिल्याचे नाव घेऊ नये असे मला वाटते.

आपद्धर्मपर्वाची अखेरची कथा गौतम नावाच्या एका ब्राह्मणाची आहे. राजधर्मा नावाच्या बगळ्याने त्याला आसरा दिला, आपल्या मित्राकडे पाठवून सोने मिळवून दिले, आणि परतताना सोन्याच्या ओझ्याने थकून तो वडाखाली पडला तेव्हा पंखांनी वारा घातला. रात्री गौतमाच्या मनात आले की वाट लांबची आहे आणि शिदोरी नाही. त्याला तेव्हा भूक लागलेली नव्हती. भूक लागेल हे भय होते. त्याने झोपलेल्या बगळ्याला मारले. बगळ्याच्या मित्राने, राक्षसांच्या राजाने, त्याचा वध करविला, आणि त्या कृतघ्नाच्या मांसाला नरभक्षकांनीही तोंड लावले नाही. मग बगळ्याची चिता रचली गेली. त्या वेळी आकाशात सुरभी गाय आली, तिच्या मुखातून दूधमिश्रित फेस चितेवर ओघळला, आणि राजधर्मा जिवंत होऊन उठला; उठल्यावर त्याने इंद्राजवळ पहिली गोष्ट मागितली ती गौतमाचा प्राण.

गायमुखाच्या यात्रेला जाणारे लोक गडाच्या पायथ्याच्या मुलखातूनच जातात. झऱ्याशी वाकून ते ओंजळ भरतात, आधी महादेवाला घालतात, मग स्वतः पितात.