कीव आणि कृपा



लग्नाच्या मिस्सात पुष्कळदा संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय वाचला जातो. मराठी बायबलमध्ये तेथे ‘प्रीती’ हा शब्द आहे. इंग्रजीत मात्र कॅथोलिकांच्या १५८२ च्या नव्या कराराच्या भाषांतरात त्या जागी ‘चॅरिटी’ होते आणि प्रॉटेस्टंटांच्या १६११ च्या बायबलमध्येही तेच होते. आज चॅरिटी म्हणजे दानधर्म. तो अर्थ धरून अध्याय वाचला तर कोडेच पडते. सगळी मालमत्ता गरिबांना वाटली, पण चॅरिटी नसेल तर मला काही लाभ नाही, असे पौल सांगतो. सगळे वाटून टाकल्यावर आणखी कोणती चॅरिटी उरली?

उत्तर त्या शब्दाच्या जुन्या अर्थात आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘कारितास’, आणि ते ‘कारुस’ म्हणजे प्रिय, मोलाचा, यावरून आले. एखादे माणूस आपल्याला मोलाचे वाटणे ही चॅरिटी. १५७९ मध्ये गोव्यात आलेले आणि १६१६ मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण छापणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज. त्यांच्या काळच्या इंग्रजीत हा अर्थ जिवंत होता. पुढे प्रीतीतून केलेले काम, मग नुसता पैसा, मग पैसा वाटणारी संस्था, असा शब्द आक्रसत गेला. स्वाभिमानी माणूस तर आता ‘मला कोणाची चॅरिटी नको’ असे म्हणतो. १८८१ च्या सुधारित इंग्रजी भाषांतराने तेथे प्रीतीचा साधा शब्द घातला.

आपण इंग्रजांना हसायला नको. आपल्या मराठीतली ‘कीव’ पाहा. संस्कृत ‘कृपा’ प्राकृतात ‘किवा’ झाली आणि तिचीच आपली कीव झाली. म्हणजे ज्या कृपेने पवित्र मरिया भरलेली आहे असे आपण रोझरीत म्हणतो, तीच ही. पोथीत राहिली ती कृपा, माणसांच्या तोंडी झिजली ती कीव. देवाची कृपा सर्वांना हवी असते. शेजाऱ्याने कीव केलेली मात्र कोणालाच खपत नाही.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. प्रेमाने दिली काय किंवा तुसडेपणाने दिली काय, भाकरीने पोट भरतेच. हे खरे आहे, आणि ते झटकून टाकता येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे मदतीचे ट्रक आले, तेव्हा पाण्यात अडकलेल्या माणसाने पाठवणाऱ्याचे मन तपासले नाही, आणि तपासायचे कारणही नव्हते. पौलदेखील भुकेल्याचे पोट भरत नाही असे म्हणत नाही. लाभ नाही तो देणाऱ्याला. पण घेणाऱ्यालाही काही सोसावे लागतेच. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात, ज्याच्या नावातच ‘कारितास’ आहे, म्हटले आहे की दानाने घेणाऱ्याचा अपमान होऊ नये म्हणून देणाऱ्याने वस्तूबरोबर स्वतःलाही दिले पाहिजे.

पुरात हे कदाचित सोपे असते. चार दिवसांचे काम असते, सगळा गाव बरोबर असतो. अवघड आहे ते घरात. नेसरीसारख्या गावातून मुले मुंबई-पुण्याला जातात आणि दर महिन्याला आईच्या खात्यात पैसे टाकतात. त्या पैशांवर औषधे येतात, लाइटबिल भरले जाते. अशा मुलाला नावे ठेवायला मी तयार नाही. पुष्कळजण तेवढेही करीत नाहीत. पण मिस्सानंतर अशा एखाद्या आईला विचारून पाहा, ‘काय मावशी, मुलगा कसा आहे?’ ती म्हणते, ‘पैसे येतात हो.’