तहान लागण्यापूर्वी: पाणी, आवळा आणि साधकाचा देह



मे महिना उजाडला की चेन्नईत 'अग्नी नक्षत्रम्' सुरू होते. तमिळ पंचांगातला हा साधारण पंचवीस दिवसांचा, सर्वांत कडक उन्हाचा काळ. याच दिवसांत रस्त्याच्या कडेला आणि मंदिरांच्या दाराशी झावळ्यांचे छोटे मांडव उभे राहतात. आत मातीचे माठ, माठात पाणी, शेजारी 'नीर मोर'. नीर मोर म्हणजे आले, हिंग, कढीपत्ता आणि मीठ घातलेले पातळ ताक. या मांडवाला इथे 'तण्णीर पंदल' म्हणतात. आपल्याकडची पाणपोईच ती. रामनवमीला इथे गूळ, सुंठ आणि वेलची घातलेल्या 'पानकम'चा नैवेद्य असतो. आपले पन्हे आणि हे पानकम, दोन्ही नावे 'पानक' या एकाच संस्कृत शब्दातून आली आहेत.

उन्हाळ्यात तहानलेल्याला पाणी देणे हा धर्म आहे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण ज्या देहाकडून आपण सेवा करून घेतो, त्या देहाला वेळेवर पाणी देणे हाही धर्माचाच भाग आहे, हे मात्र आपण विसरतो.

देहाचा जमाखर्च

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. प्रौढ पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्ये हे प्रमाण थोडे कमी असते. श्वास, घाम, लघवी आणि शौच यांतून रोज साधारण दोन ते अडीच लिटर पाणी खर्च होते. ही फक्त नेहमीची बाजू झाली. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर घामही जाऊ शकतो. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही. त्यामुळे अंग थंड होत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातच राहते.

खर्च रोजचा असेल तर जमाही रोजची हवी. सकाळी घाईत एक पेला आणि रात्री आठवण झाली म्हणून एकदम एक तांब्या, अशाने हा हिशेब जुळत नाही. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर साधारणपणे ठीक चालले आहे असे समजावे. रंग गडद झाला तर शरीर उधारीवर चालले आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही कमी होते. म्हणजे ज्या वयात शिल्लक कमी असते, त्याच वयात धोक्याची घंटा हळू वाजते. त्यातच अनेक आजी-आजोबा 'रात्री सारखे उठावे लागते' म्हणून संध्याकाळपासून पाणीच टाळतात. मग चक्कर येते, तोल जातो, बद्धकोष्ठता होते, कधी अचानक बोलण्यात गोंधळ दिसू लागतो. घरातले म्हणतात, 'वय झाले.' अशा वेळी वयाच्या आधी पाण्याकडे पाहावे.

२०२३ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ११,२५५ प्रौढांच्या सुमारे तीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तातील सोडियम वरच्या पातळीवर असणे हे शरीरात पाणी कमी असल्याचे एक लक्षण असू शकते. अशा लोकांमध्ये शरीर वयापेक्षा लवकर थकल्याच्या खुणा आणि दीर्घकालीन आजार अधिक आढळले. पाणी प्यायल्याने म्हातारपण थांबते, असे यातून सिद्ध होत नाही. हा संबंध आहे, कारण नव्हे. पण रोजच्या पेल्याकडे दुर्लक्ष करू नये, इतके तर यातून घेता येतेच.

आवळा गोळीत मावत नाही

आरोग्यावरचे लेख मराठीत आणताना 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द सतत भेटतो. कोशात त्याला 'प्रतिऑक्सिडीकारक' म्हटले आहे. अर्थ सोपा आहे. शरीरात अन्नापासून ऊर्जा तयार होताना काही अस्थिर कण निर्माण होतात आणि ते आसपासच्या पेशींना इजा करू शकतात. धूर, तंबाखू आणि प्रखर ऊन यांमुळे ते वाढतात. या कणांना शांत करणारे पदार्थ ते अँटिऑक्सिडंट. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन या शास्त्रज्ञांनी वार्धक्याचा संबंध या कणांशी जोडला आणि तेव्हापासून तारुण्याच्या गोळ्यांचा बाजार वाढतच गेला.

पण गोळीने काय झाले? फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के अधिक आढळला. जे गाजरात हितकर, ते एकटे काढून मोठ्या मात्रेत दिल्यावर तसे राहिले नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचा विचार आयुष्य, बळ, आरोग्य आणि प्रसन्नता यांच्याशी जोडून केला आहे. तिथे संपूर्ण आहाराचा विचार आहे, एखाद्या सुट्या घटकाचा नाही. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, कढीपत्ता, हळद, टोमॅटो, पालेभाज्या, डाळी, ही आपली रोजची औषधे बाजारात स्वस्त मिळतात. चेन्नईत उन्हाळ्यात 'नुंगू' म्हणजे ताडगोळे आणि शहाळी गाड्यांवर असतात. तीही पाणीच देतात. आणि तंबाखू सोडल्याशिवाय आवळा खाणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे.

विवेक हवाच

अति कशाचेच बरे नाही. थोड्या वेळात खूप पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम घटून जीवाला धोका होऊ शकतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाणच पाळावे. मधुमेहींनी पानकम आणि रक्तदाब असलेल्यांनी खारे ताक जपून घ्यावे. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे द्यावे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्याने असंख्य प्राण वाचवले.

आणि उपवास? आपल्या शास्त्रांनीही वृद्ध, बालक आणि रुग्ण यांना व्रतात सवलत दिली आहे. आईने निर्जळी एकादशीचा हट्ट धरला, तर वाद न घालता ही सवलत प्रेमाने तिच्यासमोर ठेवावी. सवलत घेतल्याने भक्ती कमी होत नाही.

ज्याच्या हातात पेला नाही

हे सगळे वाचताना पाणी नळाला येते, असे आपण गृहीत धरतो. २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईला पाणी देणारे चारही प्रमुख जलाशय जवळपास आटले. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची रेल्वे पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन आली. मराठी माणसाला हे चित्र नवे नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला असेच रेल्वेने पाणी गेले होते.

चेन्नईच्या श्रीरामचंद्र संस्थेतील संशोधकांनी तामिळनाडूच्या मिठागरांतील सुमारे साडेतीनशे कामगारांचा अभ्यास केला. दहांपैकी नऊ जण सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त उष्णतेत काम करत होते. काहींच्या मूत्रपिंडांचे कार्य मंदावल्याचेही दिसले. जिथे सावली नाही, शौचालय नाही, तिथे बायका तहान असूनही पाणी कमी पितात. त्यांना 'भरपूर पाणी प्या' असा नुसता उपदेश करून काय उपयोग?

संत एकनाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. काशीची गंगा कावडीत घेऊन ते रामेश्वराकडे निघाले होते. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि त्यांनी ती गंगा त्याला पाजली. पूजा तिथेच पूर्ण झाली. ते रामेश्वर याच तामिळनाडूत आहे. आज त्या वाटेवर आपण उभे आहोत आणि कावड आपल्या खांद्यावर आहे.

म्हणून या उन्हाळ्यात तीन संकल्प करूया. स्वतः तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायचे. घरातल्या ज्येष्ठांच्या हाताशी पेला भरून ठेवायचा आणि दिवसातून चार वेळा प्रेमाने विचारायचे. आणि दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो टपाल देणारा असो, कचरा नेणारा असो की सामान पोहोचवणारा मुलगा, आधी पाणी विचारायचे.

केस पांढरे होणारच, सुरकुत्याही येणारच. त्याची लाज नको आणि भीतीही नको. हे हात शेवटपर्यंत कोणाला तरी पाणी देऊ शकावेत, एवढ्यासाठी देह सांभाळायचा. आता हे वाचून झाले असेल, तर उठा, एक पेला पाणी प्या आणि दुसरा भरून कोणाला तरी द्या.