दारूचा डबा कोणाच्या घरी?

गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी आली की नागपूर-अमरावती रस्त्याला उसंत नसते. दिंड्या, ट्रॅक्टर, एस.टी.च्या जादा गाड्या, खंजिरीचा आवाज. महाराजांनी १९६८ साली देह ठेवला ती वेळ दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांची. त्या वेळेला जमलेला सारा समुदाय जागच्या जागी मौन उभा राहतो. आमचे गाव तिथून पायी जाण्याइतक्या अंतरावर. दादा जात, अब्बा जात, आता आम्ही जातो. गप्प उभे राहायला कोणाचा धर्म आडवा येत नाही, असे दादा म्हणत.

मागच्या खेपेला पुतण्या सोबत होता. परतताना तो म्हणाला, "चाचा, स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक असते म्हणे. तरी तिथे कोणी कोणाला मारत नाही. मग आपल्यालाच का इतके हेलपाटे?" त्याच्या खिशात बंदुकीच्या परवान्याचा अर्ज होता. रानडुकरांनी त्याची तूर दोन रात्रींत आडवी केली होती, आणि हरभरा पेरण्याआधीच रोह्यांचा कळप बांधावर येऊन पाहणी करून गेला होता.

आम्ही त्याला तेव्हा उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. तो पुरता साधलेला नाही, हे आधीच सांगतो.

आमच्या घरी बंदूक होती. ठासणीची, आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, टोपी बसवायची आणि बार काढायचा. परवाना दादांच्या नावावर, पिकांच्या संरक्षणासाठी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अशा बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. शेतकऱ्याची अडचण कायदा करणाऱ्यांना तेव्हा ठाऊक होती असे दिसते. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि बंदूक हातात असली तरी रोह्यावर किंवा डुकरावर ती चालवायला वनखात्याची परवानगी लागू लागली. एक कायदा बंदूक देतो, दुसरा चाप ओढू देत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत वऱ्हाडातला शेतकरी रात्रभर जागल करतो, सुतळी बॉम्ब फोडतो, डबे बडवतो, ऐपत असेल तर झटका मशीन लावतो. ज्याची ऐपत नाही आणि धीरही सुटला आहे असा एखादा कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतो, आणि सकाळी त्या तारेला डुकराऐवजी माणूस सापडतो. अशा बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

तर दादांची बंदूक. ती ओसरीवर खुंटीला असे, पण दारूचा डबा, छर्रे आणि टोप्या शेजारच्या पाटलांच्या घरी असत. "मुसलमानाच्या घरात दारू कशाला?" असे दादा हसत सांगत, आणि ऐकणारा प्रत्येक जण हसे. कायद्यात हे बसत होते की नाही, कोणी विचारले नाही. पण व्यवस्था पक्की होती. रात्री कोणाच्या वावरात रोही शिरले की आधी पाटलांच्या दारावर थाप पडे, मग आमच्या. "मामू, उठा नं, रोह्यानं पुरा हरभरा खाल्ला माह्या!" पाटील डबा घेऊन येत, दादा बंदूक काढत, दोघे मिळून जात. बहुतेक वेळा बार हवेतच निघे. एकट्या दादांना बार काढता येत नसे, एकट्या पाटलांनाही नाही. बंदूक परवान्यावर दादांची, आणि वापरात अर्ध्या गावाची.

ही युक्ती दादांना कोणी शिकवली होती, कळत नाही. पण स्वित्झर्लंडबद्दल वाचायला घेतले तेव्हा आम्ही चमकलो, कारण त्या देशाने २००७ साली जवळपास हाच निर्णय घेतला.

त्या देशात मोठे कायमचे सैन्य नाही. तरुण पुरुषांना सक्तीचे लष्करी शिक्षण घ्यावे लागते, पुढे ठरावीक वर्षे उजळणीला जावे लागते, आणि या काळात फौजी रायफल घरी ठेवायची चाल आहे. दरवर्षी नेमबाजीची हजेरी द्यावी लागते. गावोगावच्या नेमबाजीच्या जत्रा निराळ्याच. झुरिकमध्ये तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांची स्पर्धा भरते आणि १९९१ पासून मुलीही त्यात उतरतात. म्हणजे पुतण्या म्हणतो ती "घरोघरची बंदूक" मुळात घरमालकाची नाहीच. ती सरकारने सोपवलेली वस्तू आहे. खासगी बंदूक हवी असेल तर १९९९ पासून लागू झालेला देशव्यापी कायदा आहे, आणि बहुतेक शस्त्रांना परवाना लागतो.

पूर्वी या रायफलीबरोबर पन्नास काडतुसांचा सीलबंद डबाही घरी दिला जाई, युद्ध पेटलेच तर छावणीपर्यंत लढत पोहोचण्यासाठी. २००७ साली तिथल्या संसदेने ठरवले की हा डबा आता घरी नको. बंदूक घरी, काडतुसे कोठारात. आमच्या दादांची ओसरी आणि पाटलांचे माजघर.

हे का करावे लागले? शत्रू उरला नाही हे एक कारण. पण दुसरे कारण अधिक जड आहे. ती बंदूक शत्रूवर कधी चालली नाही. चालली तेव्हा घरातल्याच माणसावर, बहुतेकदा ज्याच्या हातात होती त्याच्यावरच. २००३ साली तिथे सैन्याची फेररचना होऊन सैनिकांची संख्या जवळजवळ निम्मी झाली. साहजिकच घरातल्या फौजी बंदुकाही कमी झाल्या. पुढे संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा सैन्याच्या वयातल्या पुरुषांमधल्या आत्महत्या घटल्याचे दिसले. बंदूक नाही म्हणून दुसरा मार्ग धरणारे थोडे निघाले. बाकीच्यांवरून ती वाईट घडी निघून गेली असे मानायला जागा आहे.

वऱ्हाडातल्या माणसाला हे वाचून बंदूक आठवत नाही, फवारणीच्या औषधाचा डबा आठवतो. आमच्याकडे खुंटीवर भरमार असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी; कीटकनाशक मात्र प्रत्येक घरात, खाटेखाली, कणगीमागे, पोरांच्या हाताला येईल असे. अमरावती, यवतमाळ, अकोला ही नावे ज्या कारणाने देशभर गेली ते कारण येथे उगाळत नाही. कर्ज, नापिकी, भाव ही मुळे खरीच आहेत आणि ती उपटल्याशिवाय सुटका नाही. पण श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल औषधांवर बंदी आणत नेली आणि दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला, हेही खरे आहे. गरिबी तेवढ्यात संपली नव्हती. हाताशी असलेली वस्तू तेवढी दूर गेली होती. माणूस वाईट घडीला काय करील हे त्याच्या ईमानाइतकेच त्याचा हात कुठवर पोहोचतो यावरही अवलंबून असते. आम्हाला हे मान्य करायला वेळ लागला, कारण लहानपणापासून सगळे काही नियतीवर आणि नीयतीवर सोपवायची सवय.

खरे तर आपल्या परंपरेत ही समज जुनीच आहे. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्याची टोके हातात धरावीत, असे पैगंबरांनी बजावल्याचे हदीसमध्ये येते. बाण बाळगणाऱ्याची नीयत वाईट आहे असे तिथे कोणी म्हटलेले नाही. गर्दीत चुकूनही कोणाला लागू नये एवढीच काळजी. शस्त्र ही अमानत आहे, आणि ज्याच्याजवळ ती आहे त्यानेच ओरखडा सोसायचा आहे.

आता अधिकाराचा प्रश्न. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याखाली आणले आणि गोऱ्यांना मोकळे सोडले. त्या अपमानाची धग इतकी होती की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोक ठाण्यावर चालून गेले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली, जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्या हुतात्म्यांत नवाब रशीद खान हे नाव आहे, आणि आमच्या घरात ते आदराने घेतले जाते. बंदुका तेव्हा फक्त एका बाजूला होत्या.

म्हणूनच संविधान लिहिले जात असताना, डिसेंबर १९४८ मध्ये, मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेल्या ह. वि. कामतांनी कराचीची आठवण देत हा हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांच्या उत्तराचा रोख असा होता की शस्त्र धरणे हा व्यक्तीचा हक्क म्हणून मागण्यापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याचे कर्तव्य महत्त्वाचे. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारांच्याही हाती जाईल. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाने आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क दिला तो शांततेने आणि शस्त्राविना. मोझरीचे ते मौन याच वाक्याच्या छायेत उभे असते असे आम्हाला नेहमी वाटते. स्वित्झर्लंडची रीतही, नीट पाहिली तर, हक्कापेक्षा कर्तव्याच्याच बाजूची आहे. महाराजांच्या ग्रामगीतेतही ग्रामरक्षणावर वेगळा अध्याय आहे. तिथेही राखण हे साऱ्या गावाचे काम आहे.

कर्तव्य सर्वांचे असेल तर विश्वासही सर्वांवर हवा. इथे स्वित्झर्लंड अडखळतो. तिथल्या शस्त्रविषयक अध्यादेशात काही देशांच्या नागरिकांना शस्त्र घ्यायला बंदी घातलेली आहे. अल्बानिया, अल्जेरिया, बोस्निया, कोसोव्हो, उत्तर मॅसिडोनिया, सर्बिया, श्रीलंका आणि तुर्कस्तान. यादी वाचताना आम्ही थांबलो. सर्बिया आणि श्रीलंकाही तीत आहेत, म्हणजे धर्म पाहून यादी केली असे म्हणता येणार नाही. युद्धे आणि त्यांचे लोण हे कारण दिले जाते आणि त्यात तथ्य असेल. तरीही झुरिकमध्ये वीस वर्षे भट्टीवर पाव भाजणाऱ्या बोस्नियाच्या माणसाला शेजाऱ्याच्या घरातली रायफल कशी दिसत असेल, हे आम्हाला कल्पनेने नव्हे, अनुभवाने कळते.

तो अनुभव सांगायचाच आहे. डिसेंबर १९९२. दादा नव्हते, परवाना अब्बांच्या नावावर झाला होता. गावात काही घडले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पण रेडिओ होता, वर्तमानपत्र होते, आणि आम्ही भाऊ विशी-पंचविशीतले होतो. आम्ही अब्बांच्या मागे लागलो, दारूचा डबा घरी आणा. अब्बा तीन दिवस ऐकत नव्हते. चौथ्या संध्याकाळी पाटीलकाकांकडे गेले. काकांनी काही न विचारता डबा, छर्रे, टोप्यांची पेटी काढून दिली. काकूंनी चहा ठेवला होता. अब्बा चहा न घेताच परतले.

डबा अकरा रात्री अब्बांच्या खाटेखाली होता. त्या अकरा रात्री घरात कोणी नीट झोपले नाही. आधी भीती बाहेरची होती. आता धाकट्याने चिडून दार आपटले तरी अम्मी खाटेकडे पाहत असे. कोणावर चालवायची होती ती भरमार? रस्त्यावरून येणाऱ्या अनोळखी माणसावर? की ज्यांच्या घरून डबा आणला त्यांच्यावर? हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला नाही. बाराव्या दिवशी अब्बांनी डबा परत नेऊन दिला. काकांनी तो घेतला. तेव्हाही काही विचारले नाही.

त्या हिवाळ्यात रोही आले होते. पण रात्री आमच्या दारावर थाप पडली नाही, पुढेही क्वचितच पडली. काकांनी कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही, आणि म्हणूनच ते आमच्या मनातून गेले नाही. आम्ही चूक केली का? आजही ठामपणे हो म्हणता येत नाही. त्याच दिवसांत मुंबईत ज्यांच्या दारापर्यंत जमाव आला त्यांना दादांच्या व्यवस्थेचे गोडवे ऐकवण्याची आमची हिंमत नाही. राखण करणारे खाते वेळेवर येईल असा भरवसा असेल तरच माणूस डबा शेजाऱ्याकडे ठेवतो. आणि तो भरवसा सर्वांना सारखा मिळत नाही. एवढेच म्हणता येते की डबा घरात आणून आमची भीती कमी झाली नाही, तिने फक्त जागा बदलली.

अब्बांच्या पश्चात बंदूक ठाण्यात जमा झाली. तिची पावती कपाटात आहे. निवडणुकीच्या वेळी तिला ठाण्यात नेऊन ठेवायची अब्बांना सवय होती, त्यामुळे घरातल्या कोणाला त्यात वेगळे काही वाटले नाही.

पुतण्याचा अर्ज अजून घरातच आहे. आताच्या नियमांत शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. पुतण्याने लोखंडी कपाट लिहायचे ठरवले आहे. "दारू कुठे ठेवशील?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "त्याच कपाटात, चाचा. अजून कुठे?" आम्ही त्याला ओसरीची खुंटी आणि पाटलांचे माजघर सांगितले. अकरा रात्रीही सांगितल्या. त्या त्याला ठाऊक नव्हत्या. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काकांच्या मुलाला विचारून पाहू का?"

काकांचा मुलगा आता साठीचा आहे. त्याच्याही तुरीत डुकरे शिरतात. रस्त्यात भेटला की थांबून बोलतो, ईदला घरी येतो. विचारायला हरकत नाही. दोनदा आम्ही त्याच्या फाटकापर्यंत जाऊन आलो.