नवजात बाळाचे आजारपण आणि तवक्कुल



वसमत तालुक्यातील कुरुंदा गावातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. दोनच दिवसांपूर्वी बाळ जन्मले आहे. त्याच्या कानात अजान दिली गेली, नातलगांना निरोप गेले, अकीक्याची बोलणी सुरू झाली. अशा आनंदात आईच्या लक्षात येते, की बाळ दूध ओढत नाही, त्याचे अंग पिवळे पडत चालले आहे. डॉक्टर सांगतात, "बाळाला काचेत ठेवावे लागेल, मोठ्या दवाखान्यात न्या."

आता घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, नजर लागली, ताईत बांधा. कोणी म्हणते, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण घराबाहेर कशी पडेल? आणि कोणी वडीलधारे शांतपणे म्हणतात, "अल्लाहवर भरवसा ठेवा, नशिबात असेल ते होईल." या शेवटच्या वाक्याकडे आपण लक्ष द्यावयाचे आहे. ते भक्तीचे वाटते. परंतु इस्लामने शिकविलेला तवक्कुल तो हाच काय?

पवित्र कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये एका मातेची कथा आली आहे. फिरऔनच्या राज्यात इस्राईलच्या संततीतील मुलगे मारले जात होते, त्या काळात आदरणीय मूसा (अ.) जन्मास आले. अल्लाहने त्यांच्या मातेच्या मनात घातले, की बाळाला दूध पाज आणि त्याच्या जिवाची भीती वाटेल तेव्हा त्याला नदीत सोड. भिऊ नकोस, दुःख करू नकोस, आम्ही त्याला तुझ्याकडे परत आणू.

येथे थोडे थांबून विचार करा. अल्लाहचे वचन तिच्याजवळ होते. तरीही तिला बाळ पेटीत ठेवावे लागले आणि पेटी स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडावी लागली. वचन मिळाले म्हणून ती घरात बसून राहिली नाही. तिचे अंतःकरण रिते झाले होते, ती सर्व काही उघड करून बसली असती, पण अल्लाहने तिचे मन घट्ट केले. इतके झाल्यावर तिने बाळाच्या बहिणीला पेटीच्या मागावर पाठविले. विश्वासही होता, कृतीही होती आणि पाळतही होती. या तिन्हींना मिळून तवक्कुल म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका ग्रामीण अरबाला हेच शिकविले, की आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव. आजारावर उपचार करण्याचीही त्यांनी आज्ञा दिली आहे, कारण अल्लाहने आजाराबरोबर त्याचे औषधही निर्माण केले आहे.

आपल्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवून दाराबाहेर बसणाऱ्या मातेला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिचीही कूस भरून पुन्हा हात रिते झालेले असतात. भगिनींनो, तुमचे ते बाहेर बसणे वाया जात नाही. मूसा (अ.) यांना अखेर आईचेच दूध मिळाले. तुमच्या बाळालाही ते हवे आहे. बाळाला ओढता येत नसेल तर परिचारिकेला विचारून दूध काढून द्या. आणि घरच्या पुरुषांनो, त्या बहिणीसारखे पाळतीवर राहणे हे तुमचे काम आहे.

ज्या रूढींमुळे उशीर होतो, त्यांचाही विचार करू. बाळंतपणानंतरच्या चाळीस दिवसांचा उल्लेख शरीअतमध्ये नमाज आणि रोजाच्या सवलतीसंबंधी आहे; आजारी बाळाला घेऊन घराबाहेर पडू नये, असे त्यात कोठेही नाही. नजरेचे म्हणाल, तर प्रेषित (स.) हसन आणि हुसैन (रजि.) यांच्यासाठी अल्लाहचे संरक्षण मागत असत. आपणही दुआ करावी. मात्र ती वाहनात बसून, दवाखान्याच्या वाटेवर करावी. अकीका सातव्या दिवशी करणे उत्तम. बाळ दवाखान्यात असेल तर तो पुढे करता येतो. तहनीकसाठी हदीसमध्ये खजुराचा उल्लेख येतो. परंतु आजारी बाळाला डॉक्टरांना न विचारता काहीही चाटवू नये. मध तर वर्षाच्या आतील बाळासाठी धोक्याचा असतो.

जाणून घेण्याच्या खुणा थोड्याच आहेत. जन्मानंतर 24 तासांच्या आत आलेला किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेला पिवळेपणा, दूध न पिणे, झटके, मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, अंग तापणे अथवा थंड पडणे. यांपैकी एक जरी दिसली तरी सकाळची वाट पाहू नये. वाढलेली कावीळ मेंदूपर्यंत गेली, तर बाळ जगूनही आयुष्यभर बहिरे किंवा अपंग राहू शकते. दवाखान्यातील निळ्या प्रकाशाचे काम कोवळे ऊन करीत नाही. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि शासकीय रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार विनामूल्य आहेत. बाळ मुलगी आहे म्हणून खर्चाचा किंवा धावपळीचा हिशेब मांडणाऱ्याने, मुलीच्या जन्माची वार्ता ऐकून चेहरा काळवंडणाऱ्यांविषयी कुरआनने काय म्हटले आहे, ते आठवावे.

"पण मोठ्या दवाखान्यातून बाळ परत येईलच कशावरून?" ही भीती खोटी नाही. ऑक्टोबर 2023 च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आपल्या भागातील घरांनी ते दुःख जवळून पाहिले आहे. अशा वेळी जाब विचारणे, औषधे आणि मनुष्यबळ मागणे हे न्यायाचे काम आहे, आणि न्याय हा ईमानाचा भाग आहे. परंतु त्या भीतीने बाळाला घरी ठेवणे हा उपाय नव्हे. उलट जितक्या लवकर न्याल, तितकी आशा अधिक.

आणि सर्व करूनही अल्लाहने आपली अमानत परत घेतली तर? प्रेषित (स.) यांचे पुत्र इब्राहीम दूधपित्या वयातच वारले. प्रेषित (स.) रडले, डोळ्यांतील अश्रू ही दया आहे, असे त्यांनी सांगितले, मात्र अल्लाहला न आवडणारा शब्द तोंडातून काढला नाही. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे ते लागले. प्रेषित (स.) यांनी स्पष्ट सांगितले, की कोणाच्या मरणाने वा जन्माने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. स्वतःच्या शोकाच्या दिवशीही त्यांनी अंधश्रद्धेला थारा दिला नाही. मग ग्रहणात बाहेर पडली, पायगुण वाईट, असे म्हणून शोकाकुल मातेला दोष देणारे आपण कोण?

म्हणून शेजारी बाळ काचेत असल्याचे कळले, तर सल्ल्यांची गर्दी करू नका. भाड्याची सोय करा, डबा पोहोचवा, रक्त लागले तर द्या, घरी राहिलेली मुले सांभाळा. ही त्या घराची खरी इयादत होय.

हे अल्लाह! आजारी बालकांना शिफा दे, त्यांच्या मातांची मने घट्ट कर, उपचार करणाऱ्यांच्या हातांना यश दे आणि आम्हाला तवक्कुलच्या नावाखाली आळस करण्यापासून वाचव. आमीन.