डाव संपल्यानंतर

बुद्धिबळाचा डाव संपला की दोघा खेळाडूंनी मोहरी पुन्हा मांडून तो पहिल्या चालीपासून तपासावा, अशी आमच्या गावातील मंडळात जुनी रीत आहे. रविवारी संध्याकाळी चार-पाच पट मांडले जातात आणि खेळण्याइतकाच वेळ या चिकित्सेत जातो. घटकेपूर्वीचे प्रतिस्पर्धी तेव्हा सहाध्यायी होतात. या साध्या रीतीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, हे मला मी जिंकलेल्या एका डावाने शिकविले.

माझे प्रतिस्पर्धी होते सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गुरुजी. दोन-अडीच तासांच्या झुंजीनंतर माझ्याकडे राजा, एक उंट आणि पटाच्या अगदी कडेच्या पट्टीवरील एक प्यादे उरले. गुरुजींकडे केवळ राजा. प्यादे वजीर होण्याच्या वाटेवर होते. गुरुजींनी क्षणभर पटाकडे पाहिले आणि हात पुढे केला. "फादर, डाव तुमचा."

वस्तुतः तो डाव बरोबरीचा होता. माझा उंट पांढऱ्या घरांवरून फिरणारा, आणि प्याद्याला वजीर व्हायचे होते ते कोपऱ्यातील घर काळे. गुरुजींचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला असता, तर माझ्या उंटाला त्याला तेथून हुसकता आले नसते. फार जोर लावला असता, तर शह नसताना राजाला चालच उरत नाही अशी स्थिती आली असती, आणि नियमाप्रमाणे तीही बरोबरीच. कोपरा दोनच घरे दूर होता, वाट मोकळी होती. हस्तांदोलन करतानाच मला हे दिसले.

रीतीप्रमाणे आम्ही डाव तपासला. सुरुवातीच्या चाली झाल्या, मध्यावरील घोड्यांच्या मारामारीवर चर्चा झाली, मी गुरुजींच्या बचावाची स्तुतीही केली. मात्र शेवटच्या स्थितीपर्यंत पोहोचण्याआधीच मी मोहरी पेटीत भरू लागलो.

घरी परतताना मनाने दोन समर्थने पुढे केली. पहिले नियमाचे. डाव चालू असताना प्रतिस्पर्ध्याला त्याची उत्तम चाल सांगणे हे कोणाचेच कर्तव्य नाही, आणि डाव सोडला की तो तेथेच संपतो. हे खरेच आहे. पण नियम निकालापुरता असतो. चिकित्सेला बसल्यावर घड्याळ थांबलेले असते, गुण वाटून झालेले असतात. तेथे डावात काय होते एवढेच शोधायचे असते. खेळताना योग्य असलेले मौन तेथे लपवाछपवी ठरते.

दुसरे समर्थन करुणेचे. गुरुजी समाधानाने घरी गेले, त्यांच्या मनाला रुखरुख कशाला लावावी? हे समर्थन अधिक फसवे होते. करुणेने सत्य कधी सांगावे आणि कोणत्या शब्दांत सांगावे हे ठरविणे रास्त आहे. पण माझ्या मौनाने राखला गेला तो माझा विजय. गुरुजींच्या पदरी मात्र अज्ञान पडले. तीच स्थिती पुन्हा आली असती, तर त्यांनी पुन्हा डाव सोडला असता.

थोरामोठ्यांनाही हे चुकलेले नाही. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे डीप ब्ल्यू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात गॅरी कास्पारोव यांनी हार मानली. नंतरच्या चिकित्सेत सततच्या शहाने बरोबरी साधण्याचा मार्ग दाखविण्यात आला. ती बातमी त्यांना त्यांच्याच सहकाऱ्याकडून कळली. सामना अजून बाकी होता, बातमी कडू होती. तरीही ती सांगितली गेली.

पुढच्या रविवारी मी गुरुजींसमोर ती स्थिती मांडली. त्यांनी राजा कोपऱ्यात नेला, एक घर बाहेर काढला, पुन्हा आत नेला आणि लहान मुलासारखे हसले. मग माझ्याकडे पाहत त्यांनी विचारले, "फादर, तुम्हांला हे त्या दिवशीच दिसले होते का?"

मी होय म्हटले.

"मग हे आठ दिवस कशाला जाऊ दिलेत?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनीही ते मागितले नाही. नव्या डावासाठी मोहरी लावायला घेतली.

आज मुले खिशातील फोनवर डाव घालतात आणि कोणती चाल कोठे चुकली हे यंत्र क्षणात दाखविते. ही सोय चांगलीच आहे. पण त्या डावातील शेवटच्या स्थितीत यंत्राला माझी चूक सापडली नसती, कारण ती चूक मी डाव संपल्यानंतर केली होती. मंडळाच्या वहीत तो डाव माझ्या नावावर विजय म्हणूनच नोंदलेला आहे. नवी मुले शिकायला आली की मी तोच डाव त्यांच्यापुढे मांडतो, आणि सुरुवात शेवटच्या स्थितीपासून करतो.